अर्धं पाऊल

पन्नासाव्या सेकंदाला माझ्या पाठीवर हात पडला आणि पंचांची शिटी वाजली. मी बाद झाले होते.

"वृंदा तेंडोलकर, सिंधुदुर्ग, पन्नास सेकंद," ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला आणि क्षणभर थांबला. आपण वाचलं ते बरोबर आहे ना, अशी त्यालाही शंका आली असावी. आदल्या दिवशीच्या दोन सामन्यांत त्यानेच माझी वेळ तीन मिनिटं दहा आणि दोन मिनिटं पन्नास अशी वाचली होती.

त्या दिवसांत मी खो-खो चांगलं खेळायचे. हे सांगताना आढेवेढे घ्यावेत असं मला कधी वाटलं नाही. एकोणीस वर्षांची होते. मागच्या वर्षी राज्याच्या संघात राखीव म्हणून जाऊन आले होते, आणि या वर्षी बारा जणींत माझं नाव धरलेलंच आहे, असं निवड समितीतल्या एकांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. अजिंक्यपद स्पर्धा परभणीला होती. अंतिम सामना आटोपला की तिथल्या तिथेच संघ जाहीर व्हायचा होता.

मी मैदानाच्या कडेला येऊन बसले आणि आडवी कधी झाले ते कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा केरकर बाईंचा तळवा माझ्या कपाळावर होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

बाई वेंगुर्ल्याच्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि जिल्ह्याच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. प्रश्न त्या एकदाच विचारायच्या.

"सोलापूरपासून."

वेंगुर्ल्याहून परभणी म्हणजे एसटीने दीड दिवस. सोलापूरच्या स्टँडवर गाडी बदलताना मला हुडहुडी भरली. जानेवारी होता, सगळ्याच जणी शाली लपेटून उभ्या होत्या, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या गाडीत मी सुषमा परबच्या खांद्यावर मान टाकली तेव्हा तिने माझा हात धरून पाहिला. सुषमा माझ्या शेजारच्या वाडीतली, तिसरीपासून माझ्याबरोबर खेळणारी.

"वृंदा, तुझो हात तव्यासारखो तापलो. मी बाईंका सांगतंय."

"सांग नको. पोचासर जातलो ताप."

तो गेला नाही. यायचा, तीन-चार तास दात वाजवायचा, मग दरदरून घाम फुटायचा आणि अंग मोकळं व्हायचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं. अशा मोकळ्या वेळांत मी पहिले दोन सामने खेळले आणि दोन्ही जिंकून दिले. जेवण मात्र पोटात राहत नव्हतं. उपांत्य सामन्याच्या सकाळी ताप पाळतीवर असल्यासारखा ऐन पळतीत आला. बसलेल्या मुली मला दुप्पट दिसायला लागल्या, आणि कुठल्या दोघींच्या मधून निघायचं तेच कळेना.

सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो, तो सुषमामुळे.

"तीन दिवस लपवलंस," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्या बसल्या, पदराने माझं तोंड पुसलं आणि मैदानाकडे बघत हिशोब सांगावा तसं बोलल्या, "दहा जणी आलो. रंजनाचा घोटा काल गेला. नऊ राहिल्या. तू गेलीस की आठ. आठांनी उतरू देत नाहीत. मी संयोजकांना सांगून येते, आम्ही अंतिम सामना सोडतोय म्हणून."

"मी बसते, बाई."

"निजलेली आहेस तू."

"चौकटीत बसते. पळतीत मला शेवटच्या तिघींत टाका, तिथवर वेळच येणार नाही. पकडताना मला पाचव्या चौकटीत बसवा आणि मला खो देऊ नका. नऊ भरल्या की झालं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "समोर समिती बसलीय. तू पळालीच नाहीस तर त्यांच्या वहीत तुझे शेवटचे आकडे कुठले राहतील, कळतंय ना? पन्नास सेकंद."

"पळाले तरी आज माझी दोन मिनिटं निघणार नाहीत. मला माझे पाय माहीत आहेत. पुढच्या तिघींत गेले तर त्यांना एक गुण फुकट देईन."

हे बोलताना मला वाईट वाटत नव्हतं. नंतर पुष्कळांनी मला विचारलं, तेव्हा रडू आलं असेल ना? नाही आलं. अंतिम सामन्याला पहिल्यांदाच आमचा जिल्हा पोचला होता, आणि तो संयोजकांच्या टेबलावर जाऊन हरायचा, हे मला पटत नव्हतं. बाकी काही डोक्यात नव्हतं.

दुपारी बाईंनी मला मैदानाजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्या बाहेर रिक्षावाल्याशी बोलत असताना डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला सांगितलं आणि पूर्ण विश्रांती घे म्हणाले.

"संध्याकाळी सामन्याला बसले तर चालेल?"

"बसायला काय हरकत आहे? स्वेटर घाल म्हणजे झालं," ते म्हणाले.

त्यांना मंडपातली खुर्ची दिसत असावी. मी त्यांची समजूत तशीच राहू दिली.

चार वाजता सामना सुरू झाला. समोर परभणीच्याच मुली होत्या. चारही बाजूंनी गाव लोटलं होतं. पोरं लिंबाच्या झाडावर चढून बसली होती. परभणीच्या संघाची भिस्त गोदावरी कच्छवे हिच्यावर होती. उंच, काटक, सगळ्यांशी हसून बोलणारी. पळायला लागली की मात्र ती कोणाचीच नसायची. पूर्ण स्पर्धेत तिला दोनदाच कोणी बाद केलं होतं, आणि तेही वेळ संपत आल्यावर.

पहिली पाळी आम्ही पळालो. सात मिनिटांत आमच्या पाच जणी बाद झाल्या. शेवटच्या तिघींवर वेळ आली नाही, म्हणजे माझी सुटका झाली. मग आम्ही पकडायला बसलो आणि मी पाचव्या चौकटीत उकिडवी बसले.

तोपर्यंत मी कधी नुसती बसून राहिले नव्हते. एरवी चौकटीत बसायचं म्हणजे खो मिळेपर्यंतचे दोन-चार क्षण काढायचे, आणि तेव्हाही सगळं अंग उठायच्या तयारीत. त्या दिवशी मला कोणी उठवणार नव्हतं. काळ्या मातीवर बोटं टेकवून मी बघत राहिले. पळताना मला समोरच्या मुलीचे डोळे दिसायचे, खांदे दिसायचे. बसल्यावर पाय दिसायला लागले. ताप होता म्हणूनही असेल, आजूबाजूचा कालवा लांब गेला होता आणि गोदाचे पाय तेवढे माझ्यासमोरून जात-येत होते.

पहिल्या मिनिटात मला काही कळलं नाही. दुसऱ्यात वाटलं, काहीतरी आहे. बसलेल्या मुलींची रांग तिच्या उजव्या हाताला असली की गोदा दोघींच्या मधून पाण्यासारखी वळून जायची. रांग डाव्या हाताला असली की वळण्याआधी ती एक अर्धं पाऊल जास्त टाकायची. चवडा टेकायचा, उचलायचा आणि मग वळायची. इतकं लहान की उभ्या माणसाला ते दिसणारही नाही. मी मोजायला लागले. सहा वेळा डावीकडे वळली, सहाही वेळा ते पाऊल होतं.

तीन मिनिटं वीस सेकंद पळून ती बाद झाली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाळी संपली तेव्हा पाच-चार असा गुणफलक होता. त्यांचे पाच, आमचे चार.

मध्यंतरात बाईंनी मला ग्लुकोजचं पाणी दिलं. मी सुषमाला जवळ ओढलं आणि मातीत बोटाने रांग काढली.

"गोदा डावीकडे वळताना अर्धं पाऊल वाया घालवते. ती माझ्या तोंडासमोरून, रांग डाव्या हाताला ठेवून येत असली आणि तू माझ्या पाठीमागे असलीस, तर मी ‘ये’ म्हणेन. त्याच क्षणी मला खो दे."

"तुका खो द्यायचो नाय, असा बाई म्हणाल्यात."

बाई तिथेच होत्या. त्यांनी मातीतल्या रेघांकडे पाहिलं. "तुला उठता येईल?"

"एकदा येईल."

"दोनदा?"

"एकदा नक्की येईल."

बाई सुषमाला म्हणाल्या, "ती ‘ये’ म्हणाली तर दे. एरवी तिला हात लावू नकोस."

तिसऱ्या पाळीत आमच्या मुली जिवावर उदार होऊन पळाल्या. परभणीला चारच गुण मिळाले. त्यांचे नऊ झाले. आम्हाला शेवटच्या सात मिनिटांत पाच मिळाले तर बरोबरी, सहा मिळाले तर अजिंक्यपद.

पहिल्या तिघी आम्ही सव्वातीन मिनिटांत टिपल्या. दुसऱ्या तुकडीत गोदा होती. तिच्याबरोबरच्या दोघी साडेपाच मिनिटांपर्यंत गेल्या. नऊ-नऊ. मैदानात गोदा एकटी उरली आणि तिला दीड मिनिट काढायचं होतं. तिच्यासाठी दीड मिनिट म्हणजे काहीच नव्हतं. लोक तिच्या नावाने ओरडायला लागले.

सुषमा तिच्यामागे होती. सुषमाने खो दिला, दुसरीने तिसरीला दिला, पुन्हा सुषमाकडे आला. गोदा माझ्यासमोरून दोनदा गेली, पण दोन्ही वेळा रांग तिच्या उजवीकडे होती. मी गप्प बसले. चाळीस सेकंद राहिले तेव्हा ती पहिल्यांदा हवी त्या बाजूने आली.

"ये."

पाठीवर सुषमाचा हात पडला. मी उठले आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या अंधारीतच मी हात फेकला. बोटांना वारा लागला, दुसरं काही नाही. गोदा वळून पलीकडे गेली होती. गडबडीत मी शेजारच्या सहाव्या चौकटीतल्या मुलीला खो देऊन तिच्या जागी बसले. बसले म्हणजे कोसळले, पण गुडघे बरोबर चौकटीत आले.

बाईंना सांगितलेली माझी एक वेळ खर्च झाली होती.

आता माझं तोंड मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होतं. घड्याळवाल्याने "वीस" असं ओरडून सांगितलं. मी जिभेला दात लावून ठेवले. अंधारी येते ती उठताना मान वर केल्यामुळे, हे मला मघाशी कळलं होतं. म्हणजे मान वर करायची नव्हती. मला गोदा पूर्ण दिसायची गरजही नव्हती. पाय दिसले की पुरे होतं.

खांबाला वळसा घालून गोदा आली. रांग डाव्या हाताला. पाठीमागून सुषमाच्या धावण्याचा आवाज येत होता. खो फिरून तिच्याकडेच आला होता. मला पुन्हा खो द्यायला ती आपणहून धजली नसती, हे मला माहीत होतं. गोदा एका चौकटीच्या अंतरावर असतानाच मी म्हटलं, "ये."

सुषमाने जराही विचार केला नाही. हात पडला. मी मान खाली ठेवूनच पुढे झेपावले. माझ्यासमोर चवडा टेकला, उचलला, आणि ती वळायच्या आत माझा उजवा हात तिच्या पोटरीवर होता. मी त्या पायासकट मातीत गेले.

शिटी वाजली. ती बादची होती. आठ सेकंद उरले होते, पण ते मी पाहिले नाहीत.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कोणीतरी मला उचललं, रिक्षात बाईंच्या मांडीवर माझं डोकं होतं, दवाखान्यात सुईची टोच. रक्तात मलेरिया निघाला. सकाळी जाग आली तेव्हा सुषमा खाटेच्या कडेला बसली होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"संघ लागलो," ती म्हणाली. "माझा नाव हा. तुझा नाय."

"माका ठाऊक होता," मी म्हटलं. "रडतंस कित्याक? चषक खंय आसा?"

"बाईंच्या पिशवयेत."

"मग?"

ती हसली आणि पुन्हा रडली. थोड्या वेळाने बाईंबरोबर चहा प्यायला गेली.

ती गेल्यावर वॉर्डाच्या दारात गोदा दिसली. हातात डबा होता.

"मायनं मुगाची खिचडी दिलीय," ती म्हणाली. "तिखट नाही घातलं." डबा ठेवून ती उभीच राहिली. "आमच्या गावात सगळे एकच बोलायलेत, तापानं फणफणलेल्या पोरीनं गोदाला धरलं. मला राग नाही आला. पण रात्रभर विचार करायले, कळंना. पहिल्यांदा हुकलीस, तेव्हाही तुझा हात बरोबर जागेवर आला होता. कसं काय कळालं तुला?"

पुढच्या वर्षी ही पुन्हा आमच्यासमोर येणार होती. तिला अडवायची किल्ली आख्ख्या महाराष्ट्रात माझ्याकडे एकटीकडे होती. पण महिन्याभराने ती राज्याच्या संघातून खेळणार होती, आणि समोर कोणीतरी दुसरी मुलगी अशीच चौकटीत बसून तिचे पाय बघणार होती. आणि खरं सांगायचं तर मला ती चूक दिसली होती आणि ती तशीच पडून राहिलेली मला बघवत नव्हती.

"त्या खाटा बघ," मी म्हटलं. "बसलेल्या मुली समज. रांग डाव्या हाताला ठेवून चालत ये आणि तिसऱ्या खाटेनंतर आत वळ."

तिने एकदा माझ्याकडे, एकदा खाटांवरच्या बायकांकडे पाहिलं. मग वाटेत उभ्या असलेल्या एका आजींना "सरका हं जरा" म्हणून ती चालत आली आणि वळली.

"काय केलंस?"

"वळले की."

"वळायच्या आधी?"

तिला कळेना. मी उशीवर उठून बसले. "पुन्हा ये. हळू. खाली बघ." तिसऱ्यांदा तिला ते दिसलं आणि ती तिथल्या तिथे उभी राहिली.

"आई गं," ती हळूच म्हणाली. "हे मी कधीपासून करायले?"

"तुझा डावा घोटा कधी मुरगळला होता का?"

"आठवीत."

"तेव्हापासून तू त्याच्यावर भार टाकायच्या आधी त्याला विचारतेस. विचारू नकोस. आता बरा आहे तो. पावलावर लक्ष देऊ नकोस, वळायच्या दोन हात आधी खांदा आत घाल, पाय आपोआप येईल."

ती दहा वेळा खाटांमधून गेली. सातव्यांदा ते पाऊल गळालं, आठव्यांदा परत आलं, नवव्या-दहाव्यांदा नव्हतं. समोरच्या आजी म्हणाल्या, "आता बरोबर जायलीय पोर." तेवढ्यात नर्सबाई आल्या, त्यांनी गोदाला बाहेर काढलं आणि मला आडवं केलं. खिचडी मी दुपारी खाल्ली. तीन दिवसांत पोटात टिकलेलं ते पहिलं अन्न.

बाईंना मी हे परतीच्या गाडीत सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी सांगलीला उपांत्य सामन्यात परभणी आणि आम्ही पुन्हा समोरासमोर आलो. माझी तब्येत ठणठणीत होती. मी तीन मिनिटं पाच सेकंद पळाले, आणि पकडताना पाचव्या चौकटीत बसून गोदाचे पाय पाहिले. रांग डावीकडे असो की उजवीकडे, ती पाण्यासारखी जात होती. चार मिनिटं दहा सेकंद, आणि तीही नाबाद. आम्ही एका गुणाने हरलो. सामना संपल्यावर ती धावत माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले आणि परत गेली.

परतताना बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. गाडीने सांगली सोडली, मिरज गेलं. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी तोंड बंद ठेवलं असतंस तर आज अंतिम सामना आपण खेळलो असतो."

"हो, बाई."

"काय मिळालं तुला ते सांगून?"

"मला शिकवता येतं, ते कळलं."

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी चौघी देशाकडून खेळल्या, आणि मी स्वतः राज्याच्या संघातून एकदाही मैदानात उतरले नाही. पण त्या दिवशी गाडीत यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. बाई कधी कोणाची स्तुती करायच्या नाहीत, त्या दिवशीही त्यांनी केली नाही.

"सोमवारपासून पाचवी-सहावीच्या मुलींचा सराव तू घे," त्या म्हणाल्या. "पहाटे साडेपाचला. उशीर मला चालत नाही."

मी सव्वापाचलाच मैदानावर होते.